रक्त कसे गोठते, आणि सर्पदंशाच्या वेळी सेवकाचे कर्तव्य

शास्त्रपाठ : लेवीय १७:११, प्रेषितांची कृत्ये २८:१-१०, १ तीमथ्य ५:२३.



आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाचे पीक व सापाचे भय ही बरोबरच येतात. आषाढात रोवणीस बांधीत उतरावे, तो धुऱ्यावरील गवतात साप असतो. कार्तिकात कापणी करावी, तो कडपांखाली उंदरांच्या मागे साप आलेला असतो. पुढे पुंजणे रचली व तणस घराजवळ आणली, म्हणजे उंदीर घराजवळ येतात व त्यांच्या पाठोपाठ सापही येतात. हे भय काल्पनिक नव्हे. सन २००० पासून २०१९ पर्यंतच्या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० गेली, असा विद्वानांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांत राहणारी होती, व सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतील होते. सन २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. उपेक्षित ह्यासाठी की, तो गरिबांस होतो.

म्हणून ह्या आठवड्याच्या पाठात आपण एका गोष्टीचा विचार करू. देवाने आपल्या देहात रक्त थांबविण्याची जी योजना केली आहे ती कशी चालते, घोणस सापाचे विष ती योजना कशी मोडते, आणि अशा वेळी मंडळीच्या सेवकाने काय करावे? हा पाठ उपदेशकांनी रविवारी किंवा मधल्या वाराच्या सभेत वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

१. रक्तात काय असते

प्राण्याचे जीवन त्याच्या रक्तात आहे, असे मोशेच्या नियमशास्त्रात शिकविले आहे. ह्या वचनाचा आत्मिक अर्थ आपण प्रभुभोजनाच्या वेळी पुष्कळदा ऐकतो. परंतु त्याचा साधा अर्थही खरा आहे, आणि ज्याने जखमी मनुष्याचे रक्त वाहताना पाहिले आहे त्यास तो सांगावा लागत नाही.

प्रौढ मनुष्याच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग पिवळसर पाण्यासारखा असतो. त्यास रक्तद्रव म्हणतात. त्या पाण्यात तीन प्रकारचे कण तरंगत असतात. तांबड्या पेशी श्वासातील प्राणवायू सर्व अंगभर वाहून नेतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. तिसरे कण अतिशय लहान असून त्यांस बिंबिका म्हणतात. दवाखान्यात ह्यांनाच प्लेटलेट हे नाव आहे. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा रक्ताच्या एका घन मिलिमीटर थेंबात दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत बिंबिका असतात.

सन १८८२ च्या सुमारास इटलीतील ट्यूरिन शहरच्या जुलिओ बिझोझेरो नावाच्या वैद्याने सूक्ष्मदर्शक यंत्रातून ह्या कणांचे काम प्रथम नीट ओळखले. त्यापूर्वी ज्यांनी ते पाहिले होते, त्यांना ते रक्तातील कचरा वाटत असत. कचरा म्हणून ज्यांकडे दुर्लक्ष झाले, त्यांवाचून मनुष्य एका ओरखड्यानेही मरू शकतो, हे मागाहून कळले.

बिंबिका हाडांच्या आतील मगजात जन्मतात. तेथे काही मोठ्या पेशी असतात; त्यांच्या अंगाचे तुकडे सुटून रक्तात येतात, आणि तेच तुकडे म्हणजे बिंबिका होत. एका मोठ्या पेशीपासून हजारावर बिंबिका निघतात. त्यांचे आयुष्य अवघे सात ते दहा दिवसांचे. ह्यास्तव मगजाचे काम दिवसरात्र चालूच असते, आणि आपण झोपलो तरी ते थांबत नाही.

२. जखम होताच काय घडते

हा भाग समजण्याकरिता आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे पूर्वजांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत. समजा, श्रावणातील रात्री तलावाच्या पाळीस भगदाड पडले. तेव्हा गावकरी काय करतात? प्रथम जो जवळ असेल तो धावतो, मातीची पोती व झाडाच्या फांद्या, जे हाती लागेल ते भोकात टाकतो, व ओरडून इतरांस बोलावितो. इतर येतात व एकमेकांस लागून उभे राहतात. मग बांबूचे तट्टे आणून लावतात व त्यांवर माती दाबतात, म्हणजे ते काम टिकते. नुसत्या पोत्यांनी पाणी घटकाभर थांबते, परंतु तट्टे व दाबलेली माती नसेल तर पहाटेपर्यंत पाळ पुन्हा फुटते.

देहातही क्रम असाच आहे. विळ्याने बोट कापले, की प्रथम ती रक्तवाहिनी स्वतःच आकसते, म्हणजे भोक लहान होते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तर गुळगुळीत असते व त्यास बिंबिका चिकटत नाहीत. परंतु अस्तर फाटले की त्याखालचे तंतू उघडे पडतात. ह्या तंतूंना रक्तातील एक लांब धाग्यासारखे द्रव्य चिकटते, आणि त्या धाग्यास वाहत्या बिंबिका अडकतात. फिनलंड देशातील डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड ह्यांनी सन १९२६ मध्ये एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या रोगाचे वर्णन केले. तो रोग ह्याच द्रव्याच्या उणिवेने होतो, म्हणून द्रव्यासही त्यांचेच नाव आहे.

अडकलेली बिंबिका मग आपले रूप पालटते. आधी ती चपट्या बशीसारखी असते; आता तिला काटे फुटल्यासारखे हात फुटतात. ती आपल्या अंगातील पुड्या फोडून असे पदार्थ बाहेर सोडते की, जवळून वाहणाऱ्या इतर बिंबिकांस तो जणू हाकारा होतो. त्या येतात व एकमेकींस धरतात. अशा रीतीने थोड्या मिनिटांत भोकावर बिंबिकांचे बूच बसते. लहान ओरखड्यास एवढेच पुरते.

३. जाळे कसे विणले जाते

मोठ्या जखमेस मात्र बूच पुरत नाही. त्यावर जाळे लागते. त्या जाळ्याच्या तंतूंस फायब्रिन म्हणतात. हे तंतू रक्तात तयार वाहत नसतात, आणि हीच देवाच्या योजनेतील सावधगिरी होय. तयार तंतू वाहते तर सर्व रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या. रक्तात वाहते ते फायब्रिनोजेन नावाचे विरघळलेले द्रव्य. थ्रॉम्बिन नावाचा कारागीर त्याचे टोक कापतो, तेव्हाच त्याचे तंतू बनतात. आणि थ्रॉम्बिनसुद्धा कामावर हजर नसते. तेही झोपलेल्या स्थितीत वाहत असते व त्यास दुसऱ्याने जागे करावे लागते.

ही जागे करण्याची एक लांब साखळी आहे. जखमी मांसातून एक द्रव्य रक्तात मिसळते. ते रक्तातील सातव्या घटकास जागे करते. त्यामुळे दहावा घटक जागा होतो. दहावा पाचव्याची मदत घेऊन थ्रॉम्बिन जागे करतो. थ्रॉम्बिन जाळे विणते. आणि शेवटी तेरावा घटक त्या जाळ्याच्या गाठी पक्क्या करतो. विद्वानांनी ह्या घटकांस एकपासून तेरापर्यंत क्रमांक दिले, त्यांपैकी सहावा क्रमांक पुढे रद्द झाला. चौथा घटक म्हणजे चुन्यातील कॅल्शियम होय. प्रत्येक पायरीवर एक जण अनेकांस जागे करतो, म्हणून आरंभी थोडके असलेले काम शेवटी पुष्कळ होते. ही साखळी सन १९६४ मध्ये इंग्लंडातील मॅकफार्लेन व अमेरिकेतील डेव्ही व रॅटनॉफ ह्यांनी वेगवेगळी, परंतु एकाच वर्षी मांडून दाखविली.

ह्यांतील बहुतेक घटक यकृतात बनतात. दुसरा, सातवा, नववा व दहावा हे घटक कामाचे होण्यास के जीवनसत्त्व लागते. डेन्मार्क देशातील हेन्रिक डाम ह्यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून हे जीवनसत्त्व शोधले व १९३५ मध्ये त्यास हे नाव दिले. नवजात बालकाच्या अंगी ते फार थोडे असते, म्हणून जन्मताच बाळाच्या मांडीत त्याची एक सुई देतात. ती सुई पाहून कोणी माता घाबरल्यास, बाळाच्या डोक्यात व आतड्यात रक्तस्राव होऊ नये म्हणून ती आहे, असे तिला समजावून सांगावे.

४. गोठणे कोठे थांबावे

पाळीचे भगदाड बुजविणे चांगले, परंतु त्याच उत्साहाने कोणी शेताच्या पाटातही माती भरू लागला तर धान वाळेल. म्हणून देहात गोठण्यास आवर घालणारी द्रव्येही आहेत. जेथे अस्तर शाबूत आहे तेथे ती थ्रॉम्बिनला पुन्हा बांधून ठेवतात. आणि जखम भरून आली म्हणजे प्लास्मिन नावाचे दुसरे द्रव्य ते जाळे हळूहळू कापून काढते.

हा तोल बिघडला तर दोन्ही बाजूंनी नाश आहे. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत नको तेथे गाठ झाली तर हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होतो. अशा रोग्यांस डॉक्टर अॅस्पिरिनची लहान गोळी देतात. ती बिंबिकांचा हाकारा बंद करते, आणि गोळी लागलेली बिंबिका मरेपर्यंत मुकीच राहते. उलट डेंग्यूच्या तापात बिंबिकांची संख्या उतरते. पुष्कळ जण ह्यास पांढऱ्या पेशी कमी झाल्या असे म्हणतात. परंतु बिंबिका निराळ्या व पांढऱ्या पेशी निराळ्या. अशा तापात अॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या जालीम गोळ्या आपल्या मनाने घेणे घातक आहे, कारण थोड्या उरलेल्या बिंबिकाही त्यामुळे निकामी होतात. केवळ आकडा पाहूनही स्वस्थ बसू नये. ताप उतरल्यावर पोटात जोराने दुखणे, वारंवार वांती, हातपाय गार पडणे, हिरड्यांतून रक्त येणे, ह्यांपैकी काही दिसल्यास तत्काळ दवाखान्यात जावे.

५. घोणस सापाचे विष काय करते

आपल्या देशात मृत्यूस कारण होणारे साप मुख्यत्वे चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार ह्यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालते. पापण्या मिटतात व श्वास बंद पडतो. घोणस व फुरसे ह्यांचे विष रक्तावर चालते. घोणस साप जाड असून त्याच्या पाठीवर साखळीसारखे गोल डागांचे पट्टे असतात, व तो मोठ्याने फूत्कार करतो. अजाण माणूस त्यास अजगराचे पिलू समजतो व जवळ जातो. सन १७९६ मध्ये ज्यांचा हिंदी सापांवरील ग्रंथ निघाला, त्या पॅट्रिक रसेल ह्या डॉक्टरांच्या नावाने इंग्रजीत हा साप ओळखला जातो.

आता एक विलक्षण गोष्ट ऐका. ह्या विषाने रक्त पातळ होते असे आपण म्हणतो, परंतु विषाची पहिली करणी त्याच्या उलट आहे. वर सांगितलेल्या साखळीतील दहाव्या व पाचव्या घटकांस हे विष थेट जागे करते. जखम केवळ दातांच्या दोन खुणांएवढी. पण सर्व अंगभर जणू भगदाड पडल्याची आरोळी उठते. सर्वत्र जाळी विणली जाऊ लागतात व देह ती लागलीच तोडूही लागतो. अशाने फायब्रिनोजेन व इतर घटक थोड्या तासांत खर्चून जातात. गावातील सर्व पोती, तट्टे व माती खोट्या आरोळीमागे संपली, मग खरी पाळ फुटली तर काय उरले? तसेच हे आहे. त्यातच ह्या विषातील दुसरी द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंती झिजवितात. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागेतून रक्त वाहू लागते, कधी मेंदूतही स्राव होतो, आणि मूत्रपिंडे बंद पडतात.

हेच विष मनुष्याने उपयोगातही आणले आहे. ज्यांचे रक्त जन्मतःच नीट गोठत नाही अशा हिमोफिलियाच्या रोग्यांच्या वाहत्या जखमेवर घोणस सापाचे अति पातळ केलेले विष लावून रक्त थांबविता येते, असे सन १९३४ मध्ये मॅकफार्लेन व बार्नेट ह्यांनी दाखविले. हे मॅकफार्लेन तेच, ज्यांचे नाव वर आले. रक्त गोठण्याच्या काही तपासण्यांत प्रयोगशाळा आजही हे विष वापरतात.

६. वीस मिनिटांची परीक्षा

विष रक्तात भिनले की नाही हे ओळखण्याची परीक्षा इतकी सोपी आहे की, तीस महाग यंत्र लागत नाही. रोग्याच्या शिरेतून सुमारे २ मिलिलिटर रक्त काढून नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालतात, व ती नळी न हलविता २० मिनिटे ठेवतात. मग ती एकदा तिरपी करतात. रक्ताची घट्ट गाठ झाली असेल तर ती जागची हलत नाही. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घटक संपले आहेत असे ठरते. नळी काचेचीच असावी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकने तशी होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. पहिली परीक्षा चांगली आली तरी डॉक्टर ती पुनःपुन्हा करतात व रोग्यास किमान एक दिवस ठेवून घेतात. कारण विष सावकाश चढते.

तथापि एक इशारा येथेच लक्षात ठेवावा. मण्यार किंवा नाग चावला असता रक्त नीट गोठते, तरी रोगी मरू शकतो. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर निजलेल्यास चावतो; सूज नसते, खूण दिसत नाही, केवळ पोटात दुखते व पापण्या जड होतात. म्हणून ह्या परीक्षेचा निकाल डॉक्टरांनीच लावावा.

ह्या विषावर औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. सापाचे विष थोडे थोडे घोड्यास टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध द्रव्य तयार होते, व ते शुद्ध करून कुप्यांत भरतात. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत ह्यांनी ही रीत घालून दिली. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या परळ येथे १८९९ पासून असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव ह्या कामाशी जोडलेले आहे. आपल्याकडील प्रतिविष वरील चारही सापांवर चालते, म्हणून साप ओळखता आला नाही तरी औषध अडत नाही. आरंभी बहुधा ८ ते १० कुप्या देतात, आणि लहान मुलासही मोठ्या माणसाइतकेच देतात, कारण सापाने मुलास विष कमी दिलेले नसते. औषध दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळीची परीक्षा करतात. खर्चलेले घटक नवे बनविण्यास यकृतास तेवढा वेळ लागतो. कित्येकांस ह्या औषधाने अंगावर गांधी उठणे किंवा दम लागणे असा त्रास होतो, म्हणून ते दवाखान्यातच द्यावे लागते.

७. एक कबुली

मी सेवेत नवा असताना वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात होतो. कापणीच्या दिवसांत दिवेलागणीस मंडळीतील एका बंधूच्या घोट्यास साप चावला. मला बोलावणे आले. कोणी पायास दोरी आवळून बांधली होती; मी ती आणखी घट्ट केली, कारण मलाही तेच ठाऊक होते. शेजाऱ्यांनी मांत्रिकास आणण्याची गोष्ट काढली, ती मी होऊ दिली नाही, व त्यात मी आपल्या विश्वासाचा जय मानला. आम्ही रात्रभर प्रार्थना केली व सकाळच्या मोटारीची वाट पाहिली. पहाटे त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी काचेची नळी माझ्यासमोर तिरपी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. ते मला म्हणाले, रात्री आणले असते तर बरे होते. चौथ्या दिवशी तो बंधू प्रभूमध्ये निजला. त्याची पत्नी मला एक शब्दही लावून बोलली नाही.

मी प्रार्थना केली ह्याचा मला पश्चात्ताप नाही. मी बैलगाडी जुंपविली नाही, ह्याचा आहे. मांत्रिकास मी दाराबाहेर ठेवले, परंतु त्याच्यासारखाच रोग्याचा वेळ मीही खर्च केला.

८. मिलिता बेटावरील धडा

आता प्रेषितांची कृत्ये २८ वा अध्याय उघडावा. गलबत फुटल्यावर पौल मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर, काटक्या गोळा करून शेकोटीत घालीत असता एक साप त्याच्या हातास डसला. तेथील लोकांनी प्रथम ठरविले की, हा खुनी असावा व न्याय त्यास जगू देत नाही. त्यास काही झाले नाही असे पाहून तेच लोक त्यास देव म्हणू लागले. दोन्ही वेळा ते चुकले. साप चावलेला मनुष्य शापित नव्हे, आणि वाचलेला मनुष्य देव नव्हे. आपल्या मंडळ्यांत आजही एखाद्यास साप चावला की त्याच्या पापाची चर्चा होते. ती होऊ नये.

कोणी म्हणेल, पौलास औषध लागले नाही, मग विश्वासणाऱ्यास कशास लागावे? परंतु पौलाने साप मुद्दाम धरला नव्हता, व देवाने त्या प्रसंगी जे केले ते आपण मागून घ्यावे अशी आज्ञा तेथे नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचे प्रभूनेच नाकारले, कारण ती देवाची परीक्षा पाहणे झाले असते. ह्याच पौलाबरोबर लूक वैद्य प्रवास करीत होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यास पौलाने प्रार्थनेबरोबर साधा उपायही लिहून पाठविला. औषध घेणारा अविश्वासी ठरत असता तर प्रेषिताने तसे लिहिले नसते.

मांत्रिकाविषयीही एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे लोकांशी बोलणे सोपे जाईल. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत; आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष उतरतेच असे नाही. असे रोगी मंत्र म्हटला तरी जगतात व न म्हटला तरी जगतात. जगलेल्यांचे श्रेय मांत्रिकास मिळते आणि मेलेल्यांचा दोष उशिरास किंवा नशिबास दिला जातो. शेजाऱ्यांचा उपहास न करता त्यांस एवढेच विचारावे : हा विषारी होता की नव्हता, हे मंत्राने कळते काय? नळीने कळते.

९. सेवकांनी काय करावे

पहिले, रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठ्या, कडी, जोडवी, बांगड्या लागलीच काढाव्यात, कारण सूज चढते.

दुसरे, चावलेला हात किंवा पाय काठी व कापड ह्यांनी सैल बांधून हाड मोडल्याप्रमाणे स्थिर ठेवावा. दोरी आवळू नये. त्याने पाय सडतो, व दोरी सोडताच साठलेले विष एकदम चढते. कापू नये, चोखू नये, बर्फ किंवा पाला लावू नये, कोंबडी लावू नये. ज्याचे रक्त गोठत नाही त्यास चीर देणे म्हणजे फुटक्या पाळीस दुसरे भोक पाडणे होय.

तिसरे, चावल्याची वेळ लिहून ठेवावी. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ दवडू नये.

चौथे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास उशीर लागेल असे दिसल्यास दुचाकीवर रोग्यास दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळते हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे व मंदिराच्या भिंतीवर लिहावे.

पाचवे, वेदनेकरिता अॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी देऊ नये.

सहावे, रात्री विजेरी व काठी घेतल्यावाचून बाहेर पडू नये, बांधीत शक्य तेथे उंच बूट घालावेत, खाटेवर व मच्छरदाणीत निजावे, तणस व सरपण घरापासून दूर रचावे.

आणि प्रार्थना? ती वाटेत करावी, गाडी चालत असता करावी, दवाखान्याच्या ओसरीवर ती वीस मिनिटे नळी स्थिर असता करावी. मी त्यानंतर अनेकदा त्या ओसरीवर बसलो आहे. त्या वेळेत मनुष्याच्या हाती काही नसते. एके वर्षी एका विधवेच्या मुलाची नळी दुसऱ्या दिवशी तिरपी केली, आणि रक्त जागचे हलले नाही. डॉक्टर हसले, ती माता नळीकडे पाहतच राहिली. आपण अद्भुत रीतीने घडविलेले आहोत असे स्तोत्रकर्त्याने म्हटले आहे. त्या दिवशी मला ते एका काचेच्या नळीत दिसले.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. बिंबिकांचे बूच व फायब्रिनचे जाळे ह्यांत भेद काय? तलावाच्या पाळीचे उदाहरण देऊन सांगा.

२. घोणस सापाच्या विषाने रक्त गोठेनासे का होते?

३. नळी काचेचीच का असावी? परीक्षा चांगली आली तरी रोग्यास घरी का नेऊ नये?

४. मिलिता बेटावरील लोकांनी कोणत्या दोन चुका केल्या? त्या आपल्या गावात कशा दिसतात?

५. आपल्या गावापासून प्रतिविष मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? रात्री तेथे कोणाच्या वाहनाने जाल? ह्याचे उत्तर सभेत ठरवून लिहून ठेवल्याशिवाय हा पाठ संपला असे समजू नये.